वाचकांचे प्रश्न : विजेवर चालणारी व्हीलचेअर, पाऊस आणि वॉरंटी

विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरविषयी प्रश्न पाठवावेत, असे आम्ही मागच्या अंकात कळवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत या ना त्या रूपाने पाऊस आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण खुर्चीसोबत येणारी माहितीपुस्तिका कोरड्या हवेच्या आणि सपाट रस्त्यांच्या मुलखात लिहिलेली असते, तर आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घरे चढावर असतात आणि अंगणातून ओसरीवर यायला तीन पायऱ्या असतातच. उत्तरे देणारा मी स्वतः बरीच वर्षे अशी खुर्ची वापरतो आणि त्याआधीची माझी सगळी नोकरी विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत गेली. त्यामुळे खाली जे लिहिले आहे त्यात पुस्तिकेतले जेवढे आहे, तेवढेच हाताला चटके बसून कळलेलेही आहे.

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही माझ्या यजमानांसाठी एका दुकानातून ही खुर्ची घेतली. मे महिन्यापर्यंत ती उत्तम चालली. जून लागल्यापासून मात्र रात्रभर चार्ज करूनही देवळापर्यंत जाऊन परत येईतो लाल दिवा लागतो. दुकानदाराने पाठवलेल्या माणसाने खुर्ची न उघडताच 'आत पाणी गेले आहे, वॉरंटीत बसणार नाही' असे सांगितले आणि नव्या बॅटऱ्यांचे पैसे मागितले. आम्ही काय करावे? — एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर : प्रथम पैसे देऊ नयेत आणि जुन्या बॅटऱ्याही त्याच्या हवाली करू नयेत. आपल्या पत्रावरून खुर्चीत शिसे-आम्लाच्या बंद बॅटऱ्या असाव्यात असे दिसते. अशा खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. या बॅटऱ्या सर्व बाजूंनी बंद असतात, त्यामुळे वरून पडलेल्या शिंतोड्यांनी त्यांची ताकद निम्म्यावर येत नाही. पाणी शिरले तर त्याचा पहिला फटका जॉयस्टिकला (खुर्ची चालवण्याची हाताजवळची दांडी), कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणारा भाग) किंवा जोडण्यांना बसतो, आणि तेव्हा खुर्ची अडखळते, एका बाजूला ओढते किंवा सुरूच होत नाही. आपली खुर्ची नीट चालते, फक्त लवकर दमते. हे लक्षण बॅटरीचे किंवा चार्जरचे आहे. बऱ्याचदा दोनांपैकी एकाच बॅटरीने मान टाकलेली असते आणि ती दुसरीलाही खाली ओढते.

म्हणून त्या माणसाला पुन्हा बोलावून आपल्यासमोर तीन गोष्टी करायला सांगाव्यात. पूर्ण चार्ज केल्यानंतर काही तास खुर्ची न वापरता ठेवून प्रत्येक बॅटरीचा दाब वेगवेगळा मोजावा. निरोगी बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. त्यानंतर भार देऊन चाचणी घ्यावी, कारण नुसता दाब ठीक दिसणारी बॅटरीही भार येताच कोसळते. शेवटी चार्जरच्या पिनेवर किती व्होल्ट येतात तेही पाहावे. चार्जर अर्धवट काम करत असेल तर नव्या बॅटऱ्यांचीही सहा महिन्यांत तीच गत होईल. हे आकडे त्याने जॉब कार्डवर लिहून सही करावी. 'पाणी गेले' असे त्याचे म्हणणे असेल, तर कोणत्या भागात गेले ते छायाचित्रासह लेखी द्यावे. हे मागितल्याबरोबर पुष्कळ वेळा पाणी आपोआप आटते, असा माझा अनुभव आहे.

आता वॉरंटीचा कागद समोर घ्यावा. 'एक वर्षाची वॉरंटी' असे दुकानात तोंडी सांगितले जाते, पण कागदावर सहसा एकच मुदत नसते. सांगाड्याला एक मुदत, मोटर व कंट्रोलरला दुसरी आणि बॅटरीला तिसरी, बहुधा सर्वांत कमी, म्हणजे कुठे सहा महिने तर कुठे एक वर्ष. टायर, बेअरिंग, हाताखालच्या गाद्या, सीटचे कापड हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. आपली खरेदी ऑक्टोबरची असल्याने तक्रार आठव्या महिन्यात उद्भवली आहे. बॅटरीची मुदत सहा महिन्यांची असेल तर वॉरंटीवरचा आपला दावा कमकुवत आहे, वर्षाची असेल तर भक्कम आहे. पाण्याबाबतच्या कलमाचा अर्थ लावताना खुर्चीवरची माहितीपट्टी पाहावी. तिच्यावर 'आयपीएक्स ४' असे लिहिलेले असेल, तर कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे ही खुर्ची सोसू शकते असा निर्मात्याचाच दावा आहे, आणि मग पावसाच्या चार थेंबांवर बोट ठेवून जबाबदारी झटकणे त्याला कठीण जाते. मात्र नळीने धुतलेली किंवा साचलेल्या पाण्यातून नेलेली खुर्ची या दाव्यात बसत नाही, हेही प्रामाणिकपणे लक्षात घ्यावे.

दुकानदार ऐकत नसेल तर त्याला आणि निर्मात्याला, दोघांनाही, खुर्चीचा अनुक्रमांक, बिलाची तारीख आणि तक्रार पहिल्यांदा कळवल्याची तारीख देऊन लेखी पत्र पाठवावे आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि दुकान कुठेही असले तरी आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्या बाबतीत उत्तर गोव्यात, तक्रार दाखल होते. दोष उघड दिसण्यासारखा नसेल तर आयोग ती वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. जुन्या बॅटऱ्या देऊ नका, असे वर लिहिले ते यासाठी. एकदा त्या भंगारात गेल्या की मागे फक्त आपला शब्द आणि त्याचा शब्द उरतो.

एक विनंती मात्र सर्वच वाचकांना करतो. खुर्ची घरात येईल त्या दिवशी एक साधी वही घालावी. केव्हा चार्ज केली, किती वेळाने हिरवा दिवा लागला, कुठवर जाऊन आलो, केव्हा काय बिघडले, कोणाला फोन केला आणि तो काय म्हणाला. अशी वही ठेवणाऱ्याला बॅटरी दमू लागल्याचे महिनाभर आधी कळते, आणि वाद झालाच तर तारखांचा हिशेब तोंडी सांगावा लागत नाही.

प्रश्न : मी चोडणला राहतो आणि आठवड्यातून दोनदा फेरीबोटीने पलीकडे जातो. धक्क्याच्या उतारावर नातेवाईक खुर्ची मागून धरतात, तरी भीती वाटते. ही भीती खरी आहे की मनाची? — एक ज्येष्ठ वाचक, चोडण

उत्तर : भीती खरी आहे आणि ती असलेलीच बरी. मात्र भीती कशाची बाळगायची, ते नेमके कळले पाहिजे.

ही खुर्ची जॉयस्टिक सोडली की थांबते, कारण तिचे ब्रेक मोटरमध्येच असतात आणि वीज मिळाल्यावरच सुटतात. वीज नसेल तेव्हा ते आपोआप आवळलेले राहतात. म्हणजे उतारावर बॅटरी संपली किंवा बटण बंद झाले, तरी खुर्ची जागेवर उभी राहते. या रचनेला एकच पळवाट आहे. मागच्या चाकांजवळ एक किंवा दोन लीव्हर असतात, बऱ्याच खुर्च्यांत लाल किंवा पिवळ्या रंगाचे, आणि ते फिरवले की मोटर व चाक यांचा संबंध तुटून खुर्ची हाताने ढकलता येते. त्या स्थितीत खुर्चीला कोणताही ब्रेक उरत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका धक्क्यावर माझे हे घडले. ओहोटी होती, त्यामुळे बोट बरीच खाली लागली होती आणि काँक्रीटच्या उतारावरचा नेहमी पाण्याखाली असणारा, शेवाळलेला भाग उघडा पडला होता. बोटीतून वर येताना लोखंडी फळी आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीत माझे पुढचे लहान चाक अडकले. मदतीला धावलेल्यांपैकी एका भल्या माणसाने, खुर्ची ढकलायला हलकी व्हावी म्हणून, मागचे दोन्ही लीव्हर फिरवले. त्याच क्षणी चाक फटीतून सुटले आणि खुर्ची मागे घसरू लागली. मी जॉयस्टिक सोडून दिली होती, बटणही बंद केले होते, पण आता त्या दोन्हींना काही अर्थ नव्हता. मागे दोघे तगडे खलाशी होते म्हणून हे लिहायला मी आहे. दोष त्या माणसाला देता येत नाही. लीव्हर काय करतो हे त्याला मी कधी सांगितलेच नव्हते.

तेव्हा आपल्या सर्व नातेवाइकांना घरी, सपाट जमिनीवर, तो लीव्हर एकदा फिरवून दाखवा आणि उतारावर त्याला कोणीही हात लावायचा नाही असे बजावून ठेवा. एरवी 'खुर्ची अचानक बंद पडली' म्हणून जे फोन येतात, त्यांतही पुष्कळदा कोणीतरी हा लीव्हर अर्धवट फिरवून ठेवलेला असतो किंवा चार्जरची पिन खुर्चीतच राहिलेली असते. दोन्ही स्थितींत खुर्ची मुद्दामच हलत नाही.

धक्क्यावर जाताना वाहने उतरून व चढून होईपर्यंत थांबावे. फट तिरकी ओलांडू नये. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी फटीवरून जातील अशी खुर्ची अगदी सरळ आणावी. अनेक खुर्च्यांच्या पुस्तिकेत अडथळ्याची मर्यादा ४ ते ५ सेंटिमीटर दिलेली असते, आणि ओहोटीच्या वेळी फळीची कड त्याहून उंच राहू शकते. तशी दिसली तर दुसऱ्या फेरीची वाट पाहावी. चढताना अंग पुढे झुकवावे, उतरताना पाठ टेकून वेग सर्वांत कमी ठेवावा, आणि उतारावर मध्येच खुर्ची वळवू नये, कारण आडव्या उतारावर ती बाजूला कलंडते. पाठीमागे पिशव्या अडकवण्याची आपली सवय असेल तर ती सोडावी. पाच किलोची नारळांची पिशवी पाठीला लटकली की चढावर पुढची चाके उचलली जातात. मागची छोटी आधारचाके त्याचसाठी असतात, ती काढून ठेवू नयेत. मदतनीसाने खुर्चीच्या थेट खालच्या बाजूला उभे न राहता शेजारून चालावे, कारण माणसासह शंभर-सव्वाशे किलोचे वजन अंगावर आले तर तोही खाली जाईल. बोटीत गेल्यावर फळीपासून दूर, मधल्या भागात खुर्ची उभी करावी आणि बटण बंद ठेवावे.

घरच्या पायऱ्यांवर उतार बांधायचा असेल तर सरकारी निकष १ : १२ असा आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी सुमारे ५.४ मीटर लांबीचा उतार. गवंडी 'एवढा कशाला' म्हणून दोन मीटरमध्ये उरकू पाहतो. त्याचे ऐकू नये. जागा नसेल तर वळण देऊन उतार दोन तुकड्यांत बांधावा आणि वळणावर सपाट चौथरा ठेवावा. चिऱ्याचा किंवा गुळगुळीत लादीचा पृष्ठभाग पावसात निसरडा होतो, म्हणून वर खरबरीत सिमेंट हवे.

प्रश्न : खुर्ची रोज चार्ज करावी की बॅटरी पूर्ण उतरल्यावर? आमच्या भागात पावसात वीज सतत जाते-येते. शिवाय चवथीला आम्ही पंधरा दिवस मूळ घरी जातो, तेव्हा खुर्ची इथेच पडून असते. — एक वाचक, फोंडा

उत्तर : शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर ज्या दिवशी वापर झाला त्या रात्री चार्ज करावी, मग वापर थोडा असला तरी. 'पूर्ण उतरवून मगच भरावी' हा समज जुन्या काळच्या वेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांवरून चालत आला आहे आणि या बॅटऱ्यांना तो मारक ठरतो. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात, ते पुन्हा निघत नाहीत, आणि उष्णतेत ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. पूर्ण चार्जला आठ ते दहा तास लागतात; हिरवा दिवा लागेपर्यंत मध्येच पिन काढू नये. लिथियमच्या बॅटरीला असे रोज शंभर टक्के भरण्याचे बंधन नाही, आणि महिना-दोन महिने ठेवायची असेल तर ती निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवणे चांगले. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात. पिन बसली म्हणून चार्जर चालतो असे नाही.

वीज गेली-आली तर चांगला चार्जर पुन्हा आपला क्रम सुरू करतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. गडगडाट होऊ लागला की मात्र पिन भिंतीतून काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. पॉइंटला अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून एकदा खात्री करून घ्यावी. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. जुन्या पद्धतीच्या, चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर चार्जर तापू शकतो, तेव्हा तसा इन्व्हर्टर असल्यास वीज परतण्याची वाट पाहावी. चार्जर गादीवर किंवा पडद्याखाली ठेवू नये, आणि बाहेर पडण्याच्या एकमेव दारात खुर्ची चार्जिंगला लावू नये. लिथियमची बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्जच करू नये.

चवथीचे पंधरा दिवस ही फार मोठी मुदत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरावी, खुर्चीचे मुख्य बटण बंद करावे, चार्जर काढून ठेवावा आणि आल्यावर वापरण्याआधी पुन्हा चार्ज करावी. खरी अडचण उंदरांची असते. ज्याला आपण चवथीला गणपतीच्या पायाशी नैवेद्य दाखवतो, तोच रिकाम्या घरात वायरी कुरतडतो, आणि असे नुकसान भरून देणारी वॉरंटी मी अजून पाहिलेली नाही. खुर्ची भिंतीपासून हातभर दूर, उजेडाच्या जागी ठेवावी आणि तिच्यावर गोधडी टाकू नये. गोधडी म्हणजे त्याला आयते घरच.

प्रश्न : जवळच्या गॅरेजवाल्याने दोन बॅटऱ्यांऐवजी मोटारीची एक मोठी बॅटरी बसवून देतो, निम्म्या खर्चात काम होईल, असे सांगितले आहे. बसवू का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास थोडाथोडा प्रवाह देण्यासाठी नव्हे. ती काही महिन्यांत बसेल. शिवाय एका बॅटरीचे १२ व्होल्टच मिळतात, आणि आम्ल असलेली उघडी बॅटरी बसणाऱ्याच्या पायाखाली ठेवणे धोक्याचेच आहे. वॉरंटी त्याच दिवशी संपेल हे वेगळेच. बॅटऱ्या बदलायच्या तर त्याच प्रकारच्या, त्याच क्षमतेच्या, दोन्ही एकदम आणि एकाच वेळी बनवलेल्या घ्याव्यात. जुन्या परत दिल्यावर विक्रेता किंमत कमी करतो, ती सूट मागून घ्यावी.

प्रश्न : मुलाने आखातातून खुर्ची पाठवली आहे. उत्तम आहे, पण इथे कोणी हात लावायला तयार नाही. — एक आई, मडगाव

उत्तर : असे प्रश्न दरवर्षी येतात, कारण आपल्याकडे निम्मी घरे पोस्टावर आणि विमानावर चालतात. आखातातला विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने चार्जरची चिंता नाही, फक्त पिन बदलावी लागेल; अमेरिकेतून आलेली खुर्ची असेल तर मात्र चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापले आहे का ते पाहिल्याशिवाय तो भिंतीत घालू नये. वॉरंटी बहुतेक वेळा जिथे खरेदी झाली त्याच देशात आणि मूळ खरेदीदारालाच लागू असते, तेव्हा इथल्या विक्रेत्याने नकार दिला तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. वॉरंटी चालू आहे तोवर मुलाकडून काही सुटे भाग मागवून ठेवावेत: जॉयस्टिक, चार्जर, आणि मोटर कार्बन ब्रशची असेल तर ब्रशची एक जोडी. बॅटऱ्या, टायर, बेअरिंग आपल्याकडे सहज मिळतात.

खुर्ची बिघडली तर बटण बंद करण्याआधी जॉयस्टिकवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून वहीत लिहावे. पाच लुकलुक आणि सात लुकलुक यांचे अर्थ वेगळे असतात, ते कंट्रोलरच्या पुस्तिकेत सापडतात, आणि मुलाला फोनवर हा आकडा सांगितला तर नेमका कोणता भाग पाठवायचा ते तिथल्या तंत्रज्ञाला कळते. 'चालत नाही हो' एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

प्रश्न : घर समुद्राजवळ आहे. खुर्ची गंजू नये म्हणून काय करावे? पावसात बाहेर नेली तर चालेल का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : खारी हवा सांगाड्यापेक्षा जोडण्यांना आधी खाते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने खुर्ची पुसून लगेच कोरडी करावी. नळी लावू नये, साबणाचे पाणी ओतू नये. दर तीन महिन्यांनी, बटण बंद करून, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का ते तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे आणि साफ करून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. पुढच्या लहान चाकांच्या आसात केस, दोरे आणि आपल्याकडे सुंभाचे तंतू गुंडाळले जातात, त्यांत वाळू अडकते आणि बेअरिंग खरवडते. खुर्ची एका बाजूला ओढू लागली की जॉयस्टिकला दोष देण्याआधी ही चाके बघावीत.

जॉयस्टिकच्या देठाभोवती घड्या घातलेला एक रबरी बूट असतो. आत पाणी जाण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. बोटांनी घड्या हलकेच उघडून उजेडात धरल्यास चिरा दिसतात. चिरलेला बूट लगेच बदलावा, तो स्वस्त असतो आणि त्याच्याखालचा भाग महाग. पावसात निघावेच लागले तर जॉयस्टिकवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी हातासकट ओढून घ्यावी, मागच्या बाजूला रेडियमची पट्टी लावावी, आणि रस्त्यावर साचलेले पाणी दिसले की मागे फिरावे. त्याखाली खड्डा आहे की गटार, हे वरून कळत नाही. घरी आल्यावर पिशवी काढून पंख्याखाली खुर्ची वाळू द्यावी आणि वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. भर पावसात मुंग्यांनाही कोरडी जागा हवी असते, आणि चार्जिंगच्या छिद्रात त्यांचा मुक्काम पडलेला मी दोनदा पाहिला आहे. छिद्राचे झाकण लावलेले असावे.

किनाऱ्यावरच्या वाळूत ही खुर्ची नेऊ नये. चाके रुततात, मोटर तापते, आणि ती जळाल्यास वॉरंटीवाले आतली वाळूच पुरावा म्हणून दाखवतात.

प्रश्न : नातू मांडीवर बसून फेरफटका मारायचा हट्ट धरतो. — एक आजी, पेडणे

उत्तर : हट्ट गोड असला तरी पुरवू नये. त्याचा हात जॉयस्टिकवर पडतो आणि आपला हात त्याला सावरण्यात गुंतलेला असतो. घरात होणारे अपघातही असेच असतात: पलंगावरून खुर्चीत येताना बटण चालूच राहते आणि पदर किंवा कोपर जॉयस्टिकला लागते. चढता-उतरताना आधी बटण बंद करावे, पायफळ्या बाजूला कराव्यात आणि त्यांच्यावर उभे राहू नये, कारण खुर्ची पुढे उपडी होते. कंबरपट्टा घरातही बांधावा.

प्रश्न : मोपाहून मुंबईला जायचे आहे. विमान कंपनी खुर्ची घेते का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : घेते, पण आयत्या वेळी सांगून नव्हे. तिकीट काढतानाच खुर्चीचे वजन, मापे आणि बॅटरीचा प्रकार कळवून संमती घ्यावी. लिथियमची, काढता येणारी बॅटरी असेल तर ती साधारणपणे काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-तास आहे. हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २४ व्होल्टची १२ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २८८, ती चालते. २० अँपिअर-तासांची म्हणजे ४८०, ती अडते. म्हणून अशा प्रवासाचा विचार असेल तर खुर्ची घेतानाच हा आकडा पाहावा. बंद, न सांडणारी शिसे-आम्लाची बॅटरी सहसा खुर्चीतच राहते, पण तसे लिहिलेले पुस्तिकेचे पान सोबत ठेवावे. जॉयस्टिक सुटी होत असेल तर काढून हातसामानात घ्यावी. नसेल तर फुगेदार प्लास्टिकमध्ये गुंडाळावी. खुर्ची ताब्यात देण्यापूर्वी चारही बाजूंनी तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि मुंबईत उतरल्यावर विमानतळ सोडण्याआधी ती चालवून पाहावी, कारण नुकसानीची नोंद तिथेच करायची असते.

खुर्ची सामानकक्षात नेणारे कर्मचारी ती ढकलण्यासाठी मागचे लीव्हर फिरवणारच. ते कुठे आहेत, कोणत्या दिशेला फिरवायचे आणि परत करताना पूर्ववत करायचे आहेत, हे मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून तो कागद पाठीच्या कापडावर चिकटपट्टीने पक्का लावावा. मुंबईत खुर्ची हाती आली की त्यात बसण्याआधी लीव्हर स्वतः तपासावेत. माझ्या खुर्चीवर असा कागद त्या धक्क्यावरच्या दिवसापासून कायमचा आहे. दर पावसाळ्यात तो भिजतो आणि दर ऑक्टोबरमध्ये मी नवा लावतो.